धूर दिसला म्हणून इंजिन उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांवर चांगलंच तोंडसुख घेतलं आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं हातात पाने घेतात, धडधाकट गाड्यांची वाट लावतात आणि मग रस्ताभर धूर सोडत फिरतात, असा त्यांचा राग. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की स्पेअर पार्टच्या दुकानांनी गॅरेजवाल्यांखेरीज कुणाला माल विकूच नये. पत्र वाचलं आणि राहवलं नाही. मी सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. कार्बोरेटरच्या काळात शिकवायला लागलो आणि सेन्सरच्या काळात निवृत्त झालो. घरी दुरुस्ती केल्यावर धूर काढणाऱ्या बऱ्याच गाड्या माझ्या दारात आल्या आहेत, अजूनही येतात. त्या गृहस्थांनी पाहिलेला धूर खरा आहे. पण तो दिसला रे दिसला की मालक, शेजारी आणि बहुतेक मिस्त्री एका सुरात 'इंजिन गेलं' म्हणतात, ते मात्र फार क्वचित खरं असतं.

साधा विचार करा. शनिवारी गाडी नीट चालत होती. रविवारी दुपारी तिचं काहीतरी खोललं, बदललं, परत बसवलं. संध्याकाळी ती थरथरते आणि धूर सोडते. पिस्टनभोवतीच्या, तेल वर येऊ न देणाऱ्या रिंगा झिजायला वर्षं लागतात, त्या एका दुपारीत झिजत नाहीत. म्हणजे बिघाड बहुधा जिथे हात लागला तिथेच आहे. हे एवढं सांगायला आयटीआयचं प्रमाणपत्र लागत नाही, पण धूर बघितला की माणसाचं डोकं चालत नाही, हा माझा अनुभव.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाची गाडी उदाहरणादाखल घेतो. आजोबांची मारुती ८००, १९९७ची, कार्बोरेटरवाली. पर्यावरण कर भरून, पुन्हा पासिंग करून त्याने ती हौसेने ठेवली आहे. सुट्टीत त्याने प्लग बदलले, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) तेल झिरपत होतं म्हणून त्याचं पॅकिंग बदललं आणि एअर फिल्टरही नवा टाकला. कामं सगळी योग्य. पण चालू केल्यावर गाडी बैठकीतल्या जुन्या पंख्यासारखी हलायला लागली, सायलेन्सरमधून निळा धूर आणि बॉनेटमधूनही धूर. घाबरून तो एका गॅरेजमध्ये गेला. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि सांगितलं, ''रिंगा गेल्या. इंजिन उतरवून बोअर करायला लागेल.'' बोअर म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कातून घेणं. खर्चाचा आकडा ऐकून पोरगं माझ्याकडे आलं.

''सर, गाडी भंगारात घालू का?''

''आधी डिपस्टिक आण,'' म्हटलं.

डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, पुसून परत घातली आणि काढली, तर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. या इंजिनाला तीन लिटरच्या आतबाहेर तेल लागतं. याने साडेतीन लिटरचा अख्खा डबा ओतलेला, आणि जुनं तेल थंड इंजिनातून घाईघाईने काढल्यामुळे तेही बरंचसं आतच राहिलेलं. तेल जास्त झालं की क्रँकशाफ्ट त्यात बुडून फिरतो, तेल घुसळून फेसाळतं आणि इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून थेट एअर फिल्टरच्या डब्यात फेकलं जातं. डब्याचं झाकण काढून त्याला दाखवलं. नवा कोरा फिल्टर खालच्या बाजूने तेलाने चिंब. तेच तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळत होतं, म्हणून धूर निळा. रिंगांचा काही संबंध नाही. ड्रेन प्लग सैल करून जादा तेल काढलं, फिल्टर बदलला. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळेपर्यंत धूर येतच राहतो, त्याला घाबरायचं नाही. बॉनेटखालचा धूर तर त्याहून किरकोळ. टॅपेट कव्हर उघडताना तेल ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावर, पडलेलं. ते तापलं की धूर निघणारच. मात्र तिथे तेलकट चिंधी राहिलेली नाही ना, हे बघावं, कारण ती पेट घेते.

राहिली थरथर. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर मेलं की ते लपत नाही. चालू इंजिनावर रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर उपसून पाहिली. पहिली काढल्यावर इंजिन आणखी बसलं, दुसरी काढल्यावरही तसंच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. तिसरा प्लग काढला, तो पेट्रोलने ओला. नवाच प्लग, पण पाना तिरका बसल्यामुळे पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर गेलेली. अशी चीर उजेडात दिसत नाही. म्हणून तोच प्लग परत बसवून अंधार पडल्यावर बॉनेट उघडून इंजिन चालू केलं, तर निळसर ठिणगी प्लगच्या बाहेरून, चिरेवरून सरकताना दिसली. ती बाहेरच उडाली तर आत पेट्रोल पेटणार कसं? डब्यात टाकलेला जुना प्लग बसवला आणि तिसरं सिलिंडर जिवंत झालं.

तरी स्लोवर, म्हणजे रेस न देता उभी असताना, गाडी वरखाली करत होती. त्याला सांगितलं, चोक थोडा ओढ. ओढला, आणि इंजिन एकदम गुळगुळीत. चोक हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. गरम इंजिनाला तो लागायला नको. चोक ओढून सुधारतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा कुठूनतरी जास्त शिरतेय. कान लावला तर सूंऽऽ असा आवाज. एअर फिल्टरचा डबा उचलताना हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डवरची बोटाएवढी रबरी नळी निसटली होती. ती ढकलून बसवली, क्लिप लावली. मग त्याला म्हटलं, हायवेने उंब्रजपर्यंत जाऊन ये. परत आला तेव्हा धूर नव्हता. नवा प्लग आणि नवा फिल्टर एवढाच खर्च. हेच इंजिन उतरवून बोअर करायला निघाले होते!

ही गाडी सविस्तर सांगितली, कारण त्यात तीन वेगवेगळे बिघाड होते आणि तिन्ही एकाच दुपारचे होते. लोक इथेच फसतात. एक कारण सापडलं की थांबतात, गाडी पुरती सुधारली नाही की पुन्हा 'इंजिन गेलं' वर येतात. उलट एका दमात चार गोष्टी बदलल्या तर कशाने सुधारलं तेच कळत नाही. एक बदल करा, गाडी चालू करून पाहा, वहीत लिहा, मग दुसरा. माझ्या विद्यार्थ्यांना याचा कंटाळा यायचा. यायलाच हवा होता, कारण कामातला हाच भाग कंटाळवाणा आहे.

आता धुराच्या रंगाबद्दल. निळा धूर म्हणजे तेल जळतंय एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो कधी येतो याकडे कुणी बघत नाही, आणि खरी खूण तिथेच असते. आमच्या भागातल्या लोकांना कुंभार्ली घाट माहीत आहे. कोयनेकडून चिपळूणला उतरताना बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, गाडी गिअरवर उतरते. थ्रॉटल (हवेचं दार) बंद आणि इंजिन फिरतंय, त्यामुळे हवेच्या मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते. व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर ही ओढ गाइडमधून वरचं तेल खाली खेचते. पोफळीला सपाटीवर येऊन पाय दिला की मागे निळा ढग. हाच प्रकार रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना दिसतो, थोडा वेळ धूर, मग साफ. हे सीलचं काम आहे. ते स्वस्त आहे, आणि बऱ्याच इंजिनांत माहीतगार मिस्त्री हेड न उतरवताही करतो. याउलट चढाला भार देताना, ओव्हरटेकला रेस करताना सतत निळा धूर, आणि तेलही दर महिन्याला भरावं लागतंय, असं असेल तर रिंगा-बोअरची शंका घ्यायला हरकत नाही.

काळ्या धुराचं फार सांगायला नको. पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक परत गेला नाही, फिल्टर तुंबला, कार्बोरेटर साफ करून जोडताना फ्लोटची सुई नीट बसली नाही. प्लग काढून बघा, काजळीने काळे ठिक्कर असतील.

पांढऱ्याला मात्र लोक उगाच घाबरतात आणि नको तिथे निर्धास्तही असतात. डिसेंबरात सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ आणि टपकणारं पाणी हा बिघाड नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर पडतं, आणि थंडीत आपल्याला दिसतं, एवढंच. पण इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरा दाट धूर चालूच, रेडिएटरचं पाणी कमी होतंय, खाली जमिनीवर थेंब नाही, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. ओगलेवाडीच्या एका परिचितांनी स्वतः हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, बदलली, त्यानंतर हे सुरू झालं. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडून इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे. तेलाच्या झाकणाखाली चहात टाकायच्या सायीसारखा पिवळट थर. (फक्त गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला हिवाळ्यात असा थोडा थर येतोच, तेवढ्यावरून निकाल देऊ नये. डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ दिसलं तर मात्र खरं.) गॅसकेट चांगल्या कंपनीची होती. बोल्ट त्यांनी एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात, हाताच्या अंदाजाने आवळले होते. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोनतीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे असतात. ब्लॉकच्या भोकात पाणी किंवा तेल राहिलं असेल तर बोल्ट त्यावरच अडतो, पाना खटकन आवाज देतो आणि आपल्याला वाटतं बोल्ट बसला. खरं तर हेड अजून दाबलेलंच नसतं. त्यांना पुन्हा नवी गॅसकेट घ्यावी लागली, कारण एकदा दाबलेली दुसऱ्यांदा चालत नाही. पण हेड सपाट होतं, प्लेन करावं लागलं नाही. कामाच्या पुस्तकातलं एक पान आधी वाचलं असतं तर गॅसकेटचेही पैसे वाचले असते.

नव्या गाड्यांना यातलं सगळं जसंच्या तसं लागू नाही. वायर उपसून बघायचा प्रकार इंजेक्शनच्या गाडीवर करू नये. झटका जबर बसतो, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जळतो. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी या. तो उघडझाप करत असेल तर बाजूला घेऊन थांबा, कारण त्याचा अर्थ मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, इतकं आहे की कन्व्हर्टर धोक्यात आहे. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर आता स्वस्त मिळतो. पी ०३०१ असा कोड आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०३ आला तर तिसऱ्यात. समजा ०३०१ आला. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवा, कोड पुसा, पुन्हा चालवा. कोड ०३०३ झाला तर कॉइलच खराब, तो जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. यात एक रुपयाही खर्च नाही. तरी लोक थेट चारही कॉइल विकत आणतात.

डिझेलवाल्यांना दोनच गोष्टी. तेल जास्त भरू नका. पेट्रोल गाडी त्याने धूर काढते, पण डिझेल इंजिन आपलंच तेल ओढून त्यावर पळायला लागू शकतं आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते बंद पाडावं लागतं. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या मर्यादेचा सरकारी टप्पा) डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिच्यात कमी राखेचं, पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच तेल घाला. दुकानदार देईल ते स्वस्त तेल या गाडीला चालत नाही.

आता गॅरेजवाल्यांबद्दल. कराड-साताऱ्यात उत्तम मिस्त्री आहेत, त्यांतले काही माझेच विद्यार्थी. पण 'काम काढावं लागेल' हे बॉनेटवर हात ठेवून सांगता येत नाही. मालकाने एकच प्रश्न विचारावा, ''कॉम्प्रेशन किती आलं?'' कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. प्लग काढून त्या जागी दाब मोजायचा गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवायचा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहायचा. आकडा केवढा यापेक्षा सगळे जवळजवळ सारखे आहेत का हे बघायचं. एक कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा. नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारची दोन सिलिंडरं दोन्ही कमी असतील तर त्यांच्या मधली गॅसकेट. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. हे न करता जो इंजिन उतरवायला सांगतो, त्याच्याकडे गेज नाही किंवा वेळ नाही. दोन्ही वेळा गाडी तिथून न्यावी.

पीयूसीचा कागदही असाच वाया जातो. पेट्रोल गाडीच्या त्या चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन मुख्य आकडे असतात. बीएस २ पूर्वीच्या जुन्या चारचाकीला अनुक्रमे ३ टक्के आणि १५०० पीपीएम ही मर्यादा, बीएस ४ च्या गाडीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. पहिला आकडा जास्त आणि दुसरा बेताचा, तर पेट्रोल जास्त जातंय. दुसराच भरमसाट, तर कुठलंतरी सिलिंडर जळत नाही किंवा तेल जातंय. म्हणजे घरी काम करण्याआधीची आणि नंतरची चिठ्ठी शेजारी ठेवली तर आपण काय बिघडवलं किंवा सुधारलं ते पांढऱ्यावर काळं दिसतं. पण त्यासाठी नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घालावी लागते. काही ठिकाणी गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून काम आटोपतात. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना नियमच हवा असेल, तर आहे तो पाळला जावा यासाठी त्यांनी लिहावं. माझीही सही घ्यावी.

घरी काम करणाऱ्यांना मी जे बजावतो तेही लिहितो. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, खाली स्टँड हवाच. शटर बंद करून इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुराला रंगही नसतो आणि तो माणूस मारतो. चालू इंजिनावर हवेची गळती शोधायला कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात तसा मारू नये, तापलेल्या मॅनिफोल्डवर तो भडकतो. काढलेलं तेल गटारात ओतायचं नाही. डब्यात भरून ठेवा, जुनं तेल विकत घेणारे असतात.

दुकानांनी सामान विकू नये या सूचनेऐवजी माझी एक सूचना आहे, आणि ती व्यवसाय शिक्षण खात्याला उद्देशून आहे. जिल्ह्यातल्या सरकारी आयटीआयच्या मोटर शेडमध्ये कॉम्प्रेशन गेज, टॉर्क पाने, स्कॅनर, खोलून ठेवलेली शिकवणीची इंजिनं हे सगळं आहे आणि रविवारी ते कुलपात असतं. महिन्यातून एक रविवार, नाममात्र शुल्क घेऊन, गाडीमालकांसाठी शेड उघडावी. ज्याला स्वतः प्लग बदलायचे आहेत त्याने तिथे येऊन निदेशकासमोर बदलावेत, आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून कागद घेऊन जावा. शिकवायला आम्ही निवृत्त मंडळी मानधनाशिवाय येऊ, हे मी तीन-चार जणांना विचारूनच लिहितो आहे. फक्त वेळ सकाळी आठची ठेवावी. शेडचे पत्रे दुपारी फार तापतात.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कराड